एन्सिओच्या होडीचे हिवाळी पांघरूण

मित्रांनो, मी फिनलंडच्या एका बेटावरची म्हातारी शिडाची होडी. यंदा सरपण होता होता वाचले, म्हणून ही हकिगत सांगते आहे.

मला एन्सिओच्या वडिलांनी पाइनच्या फळ्यांतून घडवले. साठ उन्हाळे मी मासे वाहिले, लग्नाची वऱ्हाडे वाहिली, एकदा तर एक रागावलेली मेंढीही वाहिली. लोक माझ्या चालीचे कौतुक करत आणि मलाही ते आवडे. दर शरद ऋतूत एन्सिओ मला किनाऱ्यावर ओढून धुई, सुकवी आणि मगच झाकी.

गेल्या वर्षी त्या दिवसांत तो इस्पितळात होता. त्याच्या बायकोने, हिल्काने, एकटीने माझी व्यवस्था केली. बर्फ शिरू नये म्हणून तिने मला ओलीच प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळले. आत दोन लोकरी घोंगड्याही घातल्या. इतकी माया मला कुणी लावली नव्हती, आणि त्या मायेनेच माझा घात केला. वसंतात मला बुरशी आली होती. एन्सिओने ती गुपचूप घासून काढली, पण उन्हाळाभर मी गळत राहिले.

यंदा मला किनाऱ्यावर घेतले तेव्हा शेजारच्या उर्होने फळीत चाकू खुपसला. पाते लोण्यात जावे तसे आत गेले.

"हिला आता युहानुसच्या होळीलाच ठेव," तो म्हणाला. त्या उन्हाळी सणाला आमच्याकडे थकलेल्या होड्या जाळतात. त्यात अपमान नसतो, पण मला भीती वाटली.

हिल्काचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं झालं ना?"

"तुझ्यामुळंच," एन्सिओ म्हणाला. "सॉनाच्या वाफेतून ओल्या अंगानं उठून कुणी प्लास्टिक गुंडाळून झोपतं का? आणि मला चाळीस वर्षांत एवढं पांघरूण कधी घातलं नाहीस!"

ती हसली आणि रडलीही. "फळ्या बदलता येतात की नाही, तेवढं सांग."

"दोन बदलाव्या लागतील. पण मला आता कमरेत वाकवत नाही."

"मग तू खुर्चीत बस आणि बोल. हात माझे."

"बोलायला त्याला सांगावं लागत नाही," उर्हो पुटपुटला, पण करवत आणायला तोच गेला.

हिल्काने डोलकाठी उतरवली, गोड्या पाण्याने माझे मीठ धुतले, आठवडाभर मला सुकू दिले. नव्या फळ्या बसल्या, त्यांवर डांबर चढले. मग तिघांनी मला ओंडक्यांवर उपडी केले आणि वर ताडपत्रीचे छप्पर केले, दोन्ही टोके उघडी ठेवून.

काल पहिला बर्फ पडला. हिल्का बाहेर आली. वारा माझ्या पोटाखालून शीळ घालत होता. तिचा हात उघडी कड ओढून घ्यायला पुढे झाला, आणि तसाच थांबला. मग तो तिने कोटाच्या खिशात घातला.

मित्रांनो, तुम्हीही कुणाला तरी जपत असाल. जरूर जपा, पण त्याला वारा लागू द्या. मला थंडी वाजते आहे खरी, पण मी कोरडी आहे.