चौथं पान

मुखरूनं शेवटचा लाकडी तुकडा फळीतल्या खाचेत बसवला आन् हात धोतराले पुसले. साहेबानं हातातलं घड्याळ खटकन दाबलं. काट्याकडं पाह्यलं, मंग मुखरूकडं, मंग पुन्हा काट्याकडं.

"एकोणचाळीस सेकंद," साहेब म्हणाला. "इतक्या लवकर अजून कोणी बसवले नाहीत."

"जाळं इनतो ना साहेब. बोटं आपसूकच जातेत."

साहेब नागपूरचा. राजुऱ्याकडं नवी गिरणी निघाली होती, तिले शिकवून तयार कराले मानसं पाह्यजे होती. म्हनून हा भला मानूस फळ्या, चित्रं आन् सवालाची वही घेऊन गावोगावच्या शाळेत डोकी मोजत फिरून राह्यला होता. ढिवरपुऱ्यातले, म्हंजे मासोळी धरनाऱ्यायच्या वस्तीतले, सात जन आले होते. सहा जनाचं मोजून झालं होतं. त्यातला झिंगू अजून खिडकीतून डोकं घालून उभाच.

"साहेब, माह्या डोक्याची पायली किती भरली?"

"तेरा."

"तेरा? बायको तं आठच म्हनते!"

बाहेर सारे खदखदले. साहेबही हासला, पन वहीतला आकडा काई बदलला नाई.

सकाळीच त्यानं समद्यायले समजावलं होतं. आतापरेंत सहाशे मानसायले हेच सवाल इचारले. साऱ्याइचे गुन जमवून सरासरी काढली तं बावीस आली. गिरणीची रेघ तीसवर. तीस भरले तं आत, एकोनतीस भरले तं घरी. सवाल सारखा, शब्द सारखे, आन् वहीत छापलं तेच उत्तर खरं. मानूस पाहून माप लहानमोठं केलं तं ते माप कायचं? मुखरूले हे पटलं होतं.

त्याले गिरणी पाह्यजे होती, ते काई पगारासाठी नाई. बायकोसाठी, गोकुळासाठी. त्याइची पोरगी चैती, सात वर्साची, शिंगाडे तोडाले तळ्यात उतरली, आन् वेलात पाय अडकून तिथीच राह्यली. तवापासून गोकुळा सकाळी उठली का तळ्याच्या पायऱ्यायवर जाऊन बसे. बोलावलं तं ये, नाई बोलावलं तं तिथीच. तिले या पान्यापासून उचलून दूर न्याचं होतं. जिथी तळं नाई, मासोळी नाई, कोनी वाटे घालत नाई, तिथी.

आजही तिले एकटं कसं सोडाचं म्हनून संग आनली होती. शाळेच्या उंबऱ्यावर बसली होती ती. पाठ आत, तोंड तळ्याकडं.

साहेबानं चित्रं दाखवली. कोंबडीले एक पाय नोहता, मुखरूनं झटक्यात सांगतलं. कंदिलाले काच नोहती, तेही. बाजूले बसलेले बापूजी गुरुजी साहेबाच्या वहीतल्या खुना डोळ्यानं मोजून राह्यले होते. हेच गुरुजी, ज्याइनं मुखरूले दुसरीपरेंत शिकवलं. त्याइनं हळूच एक बोट वर केलं. एकोनतीस भरले, आता एकच.

साहेबानं वाचलं, "तीन माणसांनी मिळून बारा मासे धरले. सारखे वाटून घेतले. एकेकाच्या वाट्याला किती आले?"

गुरुजीनं मोकळा श्वास सोडला. हे तं मुखरू झोपेतही सांगन.

मुखरूनं तोंड उघडलं. तेवढ्यात उंबऱ्यावर गोकुळानं मान वळवली. पयल्यांदाच तिनं आत पाह्यलं.

"तीन," मुखरू म्हनला.

साहेबाची पेन्सिल थांबली.

"घाई नको. पुन्हा ऐका." त्यानं तेच शब्द पुन्हा वाचले.

"तीनच, साहेब."

"माणसं तीन. मासे बारा."

"हव. पन वाटे चार."

"चौथा कोणाचा?"

उत्तर उंबऱ्यावरून आलं.

"चैतीचा. पोरगी हाय आमची. पान्यात गेलेल्याचं पान पडते, साहेब."

साहेबानं गुरुजीकडं पाह्यलं. गुरुजीनं हळूच समजावलं. इथी मासोळीचे वाटे पळसाच्या पानावर घालतेत. जेवढी मानसं डोंग्यात, आन् ज्यायचं जाळं त्याइचीही, तेवढी पानं. कोनी तळ्यात बुडालं तं त्याचंही एक पान, वाटा घेनाऱ्यायच्या बरोबरीचं.

साहेबानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"मला कळलं," तो म्हणाला. "पण या वहीला कळणार नाही. वेळ संपायला अजून थोडा अवकाश आहे, मुखरूभाऊ. उत्तर बदलता येतं."

घड्याळ टिकटिकत होतं. गोकुळा मुखरूच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती.

"नाई साहेब. तीनच."

साहेबानं फुली मारली. आकडा लेहून वही मिटली, आन् चस्मा पुसत बसला.

गोकुळा उठली. पदर सावरला.

"डोंगा येत असन आता. मी चूल पेटवतो, तुमी पानं घेऊन या," म्हनली आन् पुऱ्याकडं निंगाली. वाटे बंधाऱ्याच्या पल्याड पडत, तिथी बाया जात नसत.

ती दूर गेली तसं गुरुजीनं मुखरूले पडवीत धरलं.

"काऊन रे गधड्या? चार म्हनाले जीभ झडत होती? पाढे कोनी शिकवले तुले?"

"तुमीच, गुरुजी."

"आन् पान तं वरीसभरच पडते. पोरीचं वरीस दिवाळीलेच सरलं. पंचाइनं बंद केलं तवा मी तिथीच होतो."

"हळू बोला, गुरुजी."

"आता पूस म्हयना सरत आला. मंग तुह्या घरी ते पान येते कुठून?"

मुखरूनं पुऱ्याकडं पाह्यलं. गोकुळा वळनाआड गेली होती.

"माह्याच वाट्यातलं अर्धं दुसऱ्या पानावर घालतो. झाडामांगं बसून. मंग दोनी पानं घेऊन घरी जातो."

"आन् तिले समजत नाई?"

"तळ्यात मासोळी कमी झाली म्हनतो."

गुरुजीनं त्याचा धरलेला हात सोडला.

"मोजते ती, गुरुजी. माह्यं पान येगळं, पोरीचं येगळं. दोनी सारखे भरले तं त्या दिसी जेवते."

खाली डोंगा बंधाऱ्याले टेकला. कोनीतरी मुखरूले हाक मारली. तो उतरला. वाटेत पळसाचं झाड होतं, तिथी थांबून त्यानं पानं पाह्यली, फाटकी बाजूले केली, आन् मोठी पाहून दोन तोडली.