तुळशा आणि सुलतान

आमच्या घरचा बैल सुलतान आणि बादशाह मुलाण्याच्या घरचा बैल तुळशा. ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, उलटं तर सांगत नाही ना? नाही. बादशाहच्या गाईला गोऱ्हा झाला तो तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी, म्हणून बादशाहच्या आईनं त्या गोऱ्ह्याला तुळशा म्हटलं. आमचा बैल बारामतीच्या बाजारातून आणलेला. दावणीला येताना असा तोऱ्यात आला की माझा नवरा कुंडलिक म्हणाला, "ह्यो तर सुलतान." नावं ठेवताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

दोन बैल पोसायची ऐपत दोन्ही घरांची नव्हती. म्हणून एक त्यांचा, एक आमचा, अशी जोडी करून सावड चालायची. आज जोडी आमच्या रानात, उद्या त्यांच्या. शेताला शेत लागून, मध्ये एक बांध. सुलतान कायम उजवीकडे, तुळशा कायम डावीकडे. निमगाव केतकीच्या पुढं आमची वस्ती, आणि वस्तीतल्या निम्म्या जोड्या अशाच मिसळीच्या. मी जळोचीची, माहेरी बागायत. लग्न होऊन आले तेव्हा अर्ध्या जोडीचं मला हसू आलं होतं. बादशाहची बायको करिमा तेव्हा म्हणाली, "सिंधू, बैलाचं काय घिऊन बसलीस? नवरा बी आर्धाच मिळतो, आर्धा सासूचा असतो." त्या दिवसापासून आमची मैत्री जमली ती जमलीच.

एकोणीसशे त्रेपन्न सालच्या भाद्रपदात गणपती आणि मोहरम एकाच पंधरवड्यात आले. आमच्याकडे रीत अशी की ताबूत उठताना पहिला खांदा आमच्या घरचा, आणि गणपती विहिरीकडे निघाला की पुढं ताशा बादशाहचा. हलगी दोन्हीकडे भीमाची. भीमाचं घर वेशीबाहेर, पण त्याच्या हलगीशिवाय गावातलं पान हलत नसे. त्या साली कुंडलिकचा चुलतभाऊ झुंबर सणाला आला. तो बारामतीत पेठेतल्या दुकानात कामाला होता आणि येताना खिशात कमी, तोंडात जास्त घेऊन यायचा. म्हणाला, "दादा, त्यांच्या ताबुताला आपला खांदा कशापायी? देश आता आपला झालाय."

माझा नवरा कानाचा हलका. ताबूत उठायच्या वेळी घोंगडी डोक्यावर घेऊन झोपला आणि ताप आलाय म्हणून निरोप पाठवला. अंगाला हात लावून बघितलं मी, माठासारखं गार. बादशाहनं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी आपल्याच माणसांवर ताबूत उचलला. गणपती निघाले त्या दिवशी मग त्याचा ताशा खुंटीवरच राहिला. भीमा माझ्या सासूपुढं येऊन म्हणाला, "चंद्रामावशी, हे म्हनत्यात तिकडं वाजवू नगं, ते म्हनत्यात हिकडं वाजवू नगं. माजी हलगी एकच हाय, आता ती कुणाची म्हनू?" तोही घरी बसला. आमच्या दारावरून गणपती मुकाट्यानं गेले. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

चावडीपुढं शब्दाला शब्द वाढला. बादशाह म्हणाला, "उद्यापास्नं माजा बैल तुज्या जुवाखाली न्हाय." कुंडलिक म्हणाला, "माजा बी न्हाय." हे खूळ वस्तीभर पसरलं. सकाळी बघावं तर प्रत्येक दावणीला एकेक बैल, आणि प्रत्येक ओट्यावर मिशीला पीळ देत एकेक शहाणा.

मग हस्ताचा पाऊस झाला, आणि चांगला झाला. आमच्या काळ्या रानाचं असं आहे, पाऊस थांबला की चार-दोन दिवस चिखल, मग वाफसा येतो. माती मुठीत धरली तर धरते आणि सोडली तर सुटते. शाळू पेरायचा तो तेवढ्यातच. वाफसा गेला की वरनं कवच धरतं, बी उगवत नाही. शाळू नाही म्हणजे वर्षभर घरात भाकरी नाही आणि बैलाला कडबा नाही. सगळं वर्ष त्या ओलीवर बसलेलं, आणि आमचे कारभारी मिशीवर बसलेले.

कुंडलिकनं झुंबरच्या बापाचा बैल मागून आणला. तोही उजवीचा. दोन्ही बैल उजवी धरायला लागले आणि मागची पेरायची पाभर विहिरीच्या दिशेनं निघाली. बांधापलीकडे बादशाहनं बावड्याहून सासऱ्याचा बैल आणला होता. तो तुळशाशेजारी उभा राहिला, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसला. कुंडलिक आणि बादशाह एकमेकांना दिसत होते आणि दोघेही दिसत नसल्यासारखं करत होते. मला हसू आवरेना. कुंडलिक ओरडला, "दात काय काढतीस?" मी म्हटलं, "मग काय रडू? बैलास्नी कळतंय ते तुमास्नी कळंना."

विहिरीवर करिमा भेटली. बायकांचं बोलणं बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं असतं तर आम्ही ऐकलं नसतं. तिनं पायाखालची माती चिमटीत घेतली. "सिंधू, आज हाय. उद्याच्याला बी आसंल. परवा न्हाय."

"मग उद्या आपुन जुंपायची," मी म्हटलं.

आमच्याकडे बाईनं पेरताना बी सोडायचं, पण पाभर हाकायची नाही. औताला बाईचा हात लागला की पाऊस रुसतो म्हणतात. करिमानं घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "तुळशाला घिऊन येते म्या."

दुसऱ्या दिवशी दोघंही पुरुष उन्हं वर यायच्या आत निघाले, कुंडलिक झुंबरच्या बापाचा बैल परत देऊन डावीचा शोधायला निमगावकडे, बादशाह पुन्हा बावड्याच्या वाटेला. मी सुलतानला सोडलं. सासूबाई दारात आडव्या.

"सिंधे, बाईनं औताला हात लावू नये. पाऊस रुसतो."

"पाऊस पडून गेला, आत्याबाई. आता मान्सं रुसल्यात."

सासूबाईंना उलट बोललेलं खपत नसे. त्या तरातरा आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतात आता. त्या बियाची ओटी भरून बाहेर आल्या. "चाड्यावर मूठ म्या धरते. तुमा दोघींचा हात आजून कच्चा हाय."

करिमा तुळशाला घेऊन बांधावर उभी होती. सुलताननं त्याला बघितलं आणि माझ्या हातातला कासरा ओढतच गेला. तुळशानं त्याची मान चाटली, अगदी पोरीला माहेर भेटावं तसं. जू खाली ठेवलं तर दोघे आपणहून जाऊन उभे राहिले, हा उजवीकडे, तो डावीकडे. करिमाच्या डोळ्यांना पाणी आलं, माझ्याही आलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "रडा मागनं, आदी पेरा."

आता आधी कुणाचं रान? हा प्रश्न आम्हाला पडायच्या आतच सासूबाईंनी सोडवला. त्यांनी हात लांब केला, आमच्या शेताच्या वरच्या कडेपासून बादशाहच्या शेताच्या खालच्या कडेपर्यंत. "सरळ हाका. बांध आला की पाभर उचला, पल्याड टेकवा." तसंच केलं. पेरणीची एकच ओळ, एकच तास, दोन्ही रानांतून. करिमानं कासरा धरला, मी पाभर दाबली, सासूबाईंच्या मुठीतून चाड्यात आणि चाड्यातून नळ्यांत बी सुटायला लागलं. पहिलं तास नागमोडी गेलं. तिसरं बरं गेलं.

वाटेनं भीमा चालला होता. थांबला, बघितलं, आणि परत फिरला. मला वाटलं, गेला सांगायला. तो हलगी घेऊन आला आणि बांधावर उभा राहून वाजवायला लागला. सणाला कोंडलेली सगळी वाजवली त्यानं. अख्ख्या शिवारानं माना वर केल्या. तासाभरात इस्माईलच्या घरची मुनिरा तिच्या बैलाला घेऊन निघाली, सारजा तिच्या बैलाला घेऊन निघाली, आणि झुंबरची आई छबूबाई तर पोराच्या नाकासमोरून बैल सोडून घेऊन गेली. ज्या जोड्या तुटल्या होत्या त्या बायकांनी जमवल्या.

हलगीचा आवाज लांब जातो, आणि बातमी त्याच्याही पुढं. कुंडलिक इकडून पळत आला, बादशाह तिकडून. दोघेही एकाच वेळी बांधावर पोचले आणि दोघांनाही दम लागलेला.

"सिंधे, सोड ते," कुंडलिक म्हणाला.

"सोडते. पर एकट्याच्या हातात देनार न्हाय. दोघं धरनार आसला तरच."

कुणी हलेना. सासूबाई चाड्यावरची मूठ मिटून उभ्या, भीमाची हलगीही थांबलेली. बादशाह तासांकडे बघत हळूच म्हणाला, "तास वाकडं पडलंय."

"तुमच्या कालच्यापरीस सरळ हाय," करिमा म्हणाली.

बादशाहला हसू फुटलं. ते आवरायला त्यानं तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात माझा नवरा, ज्याच्या तोंडून चुकलो म्हणून शब्द निघाल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं, जमिनीकडे बघत म्हणाला, "बादशा, त्या दिशी मला ताप न्हवता आला."

"ठावं हाय मला. तापलेला मानूस घोंगडीतनं डोकं काढून ताबूत बघत न्हाय."

"दिसलो व्हय तुला?"

"दिसलास. म्या बी चुकलो. देवाचा ताशा खुंटीला ठेवाया नगं व्हता." बादशाहनं कासरा घेतला, कुंडलिकनं पाभर. भीमानं हलगीवर अशी थाप मारली की सुलतान दचकून चालायला लागला.

त्या दिवशी शिवारात जितक्या पाभरी होत्या तितक्या चालल्या. ज्याचं उरकलं तो दुसऱ्याच्या रानात गेला, कुणाचं रान हे कुणी विचारलं नाही. दुपारी भाकऱ्या सुटल्या त्या बांधावर. भीमा नेहमीसारखा लांब बाभळीखाली बसायला निघाला तशी करिमानं त्याला हाक मारली, "भीमादाजी, तुमची हलगी नसती तर आमी तिघीच पेरीत बसलो आसतो. हितं बसा." तो घुटमळला. सासूबाई सरकल्या आणि आपल्या शेजारी जागा केली, आणि त्यानंतर तोंड वाकडं करायची कुणाची छाती झाली नाही. झुंबरला पाणी वाटायला लावलं होतं. सासूबाईंनी त्याच्या हातून तांब्या घेतला आणि म्हणाल्या, "झुंबर, देश आपला झालाय म्हनं. आरं, मग एका बैलानं त्यो कसा पेरनार हुतास?" त्यानं जाऊन दुसरी घागर आणली.

दिवस मावळायच्या आत शेवटच्या रानातून पाभर निघाली. माती अजून मुठीत धरत होती. वाफसा आम्ही गाठला होता. अंगाचे तुकडे पडले होते, पण इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी कुंडलिकला तोंडावर सांगितलं.

आमच्याकडे पोळा भाद्रपदी अवसेला. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी. जुवानं सुजलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं. तुळशाचा खांदा चांगलाच सुजला होता. कुंडलिक वाटी घेऊन बादशाहच्या गोठ्यात गेला, तर बादशाह आमच्या गोठ्यात सुलतानपाशी. रानात शाळू उगवून आला होता. बांध मधे होता, पण तास इकडून तिकडे एकच होतं, पहिलं तेवढं नागमोडी.

पुढच्या भाद्रपदात पुन्हा दोन्ही सण एकत्र आले. ताबूत उठला तो कुंडलिकच्या खांद्यावर. बदली माणसं शेजारनं चालत होती, पण हा खांदा सोडेना. विहिरीपर्यंत एकट्यानं त्या बाजूचा भार नेला, गेल्या सालचाही फेडायचा होता. गणपतीपुढं बादशाहनं ताशा वाजवला तो कातडं फाटेपर्यंत, आणि मधे भीमाची हलगी. निमगावची माणसं ऐकून बघायला आली होती.

ताबूत विसर्जनाच्या संध्याकाळी कुंडलिक ओट्यावर खांदा धरून बसला होता. बादशाह वाटी घेऊन आला. वाटीत हळद आणि लोणी.

"बस खाली," तो म्हणाला. "तुळशाचा तू मळलास. आता तुजा."

सगळी वस्ती बघत होती. माझा नवरा सदरा उतरवून, मान खाली घालून बैलासारखा बसला, आणि बादशाहनं त्याचा खांदा मळला.