मोकळे टोक

मित्रांनो, मी स्विच आहे, पण माझ्यावर बोट दाबून दिवा लागत नाही. हा घोळ आधीच मिटवलेला बरा. मी एक जुना, आठ भोकांचा, नेटवर्कचा स्विच आहे. सध्या मुक्काम टेबलाच्या खणात. सोबतीला एक गुंडाळलेली निळी तार आणि एक बिनटोपणाचे पेन. पेनाचे टोपण या घरातले म्हातारे बाबा अजून शोधत आहेत. तारेबद्दल पुढे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात, माझ्यासारख्याच शेकडो भावंडांच्या रांगेत झाला. एका बाईने माझ्या आठही भोकांत आठ तारा घातल्या, आठ हिरवे दिवे लागलेले पाहिले आणि पाठीवर ‘तपासले’ असा कागद चिकटवला. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची परीक्षा. तिने प्रत्येक भोकात वेगळी तार घातली होती, हे मात्र लक्षात ठेवा.

माझे काही थोर भाऊबंद असतात. त्यांना पासवर्ड असतो, नियम असतात. कुणी भलतेसलते जोडले, तर ते तो दरवाजाच लावून घेतात. मी त्यातला नव्हे. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. जे जोडाल ते मी आपले मानतो. माझ्या खोक्यावर हाच माझा गुण म्हणून मोठ्या अक्षरांत छापला होता.

मी आलो ते एका अंडी उबवणाऱ्या घरात. पुढे एक खोली, तिच्या मागे दार, दारापलीकडे कपाटाएवढी दोन उबवणी यंत्रे. वरच्या मजल्यावर कुटुंब. धंदा बाबांनी उभा केलेला. आता तो त्यांची सून पाहायची. मुलगा पिल्ले पोहोचवायला गाडी घेऊन सदा बाहेर. बाबांचा मान एकाच गोष्टीत होता. त्यांच्या हातून अंड्यांची एकही खेप कधी वाया गेली नव्हती. दर तीन तासांनी ते मागच्या खोलीत जाऊन तापमापी पाहायचे. साडेसदतीस अंश. त्याच्या वर नाही, खाली नाही. पण गुडघे आता तीन तासांचा हिशेब मानत नव्हते. जिन्यावर ते दोनदा घसरले होते. म्हणून सुनेने यंत्रांना तापमान कळवणारी उपकरणे बसवली, वर घरात घंटा बसवली आणि हे सगळे एकमेकांना जोडायला मला आणले.

जोडणीवाला मला खोक्यातून काढत म्हणाला, “काका, स्विच आणलाय.”

“भिंतीवर चार आहेत की,” बाबा म्हणाले. “त्यातलाही एक कामाचा नाही. पाचवा कशाला?”

“तो नाही हो. हा पोस्टमन आहे समजा.”

“मग याला पगार किती?”

“शून्य.”

“मग हा काम करणार नाही,” बाबा म्हणाले आणि चहा सांगायला वर गेले.

ते वर गेले, आणि नेमके तेव्हाच जे सांगायचे ते सांगून झाले. जोडणीवाल्याने मला टेबलावरच्या फळीवर ठेवले. माझ्या बाजूच्या फटी मोकळ्या राहतील असे ठेवले, कारण मी तापतो. आधी वीज दिली. मग इंटरनेटच्या डब्यातून आलेली तार पहिल्या पोर्टात घातली. आमच्या भोकांना पोर्ट म्हणतात. तारेचे टोक नीट बसले की ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही तर समजा बसले नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात यंत्रे, चौथ्यात घंटा, पाचव्यात टेबलावरचा संगणक. सहाव्या पोर्टात त्याने एक निळी तार घातली आणि तिचे दुसरे टोक तसेच लोंबकळत सोडले.

“वहिनी, तिसरं यंत्र आलं की हे टोक त्यात घाला. तोवर असंच राहू द्या.”

“आणि काही सेटिंग वगैरे?”

“काही नाही. लावलं की चालू. यात चुकायला काही नाहीच.”

मित्रांनो, हे वाक्य मला खणातही सोडत नाही.

काम मला आवडायचे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर असतो. कुठला नंबर कुठल्या पोर्टातून बोलतो, याची मी मनात नोंद ठेवायचो. एखादा निरोप आला की नोंद पाहायची आणि त्याच दाराशी नेऊन द्यायचा. काही निरोप मात्र सगळ्यांसाठी असतात. ‘अमुक नंबरवाला कोण आहे रे?’ अशा हाका. त्या मी ज्या दारातून आल्या ते सोडून बाकी सगळ्या दारांत पोचवतो. पोचवल्यावर विसरतो. आधी हीच हाक येऊन गेली का, हे मी तपासत नाही. तेवढी अक्कल मला दिलेलीच नाही.

बाबांचे आणि माझे जमेना. त्यांच्या अंगात एक टापटीप होती, जिच्यापुढे घर हात जोडायचे. उघडी बरणी दिसली की झाकण, मोकळी दोरी दिसली की गाठ. एकदा शेजारचा शिंपी बोलत उभा असताना बाबांनी बोलता बोलता त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण लावून टाकले. “अरे, गळा दाबशील माझा!” शिंपी ओरडला. “उघडा गळा बरा दिसत नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. माझ्यावरही त्यांनी एक फडके पांघरले होते. सुनेने ते तीनदा काढले, चौथ्यांदा लपवले.

त्यांची नजर त्या निळ्या तारेच्या मोकळ्या टोकावर पडायची, तेव्हा माझे दिवे मिणमिणायचे. ते टोक ते हातात घ्यायचे, पाहायचे, सोडायचे. दोन महिने हे चालले. विचारावे कुणाला, आणि आपल्याला कळत नाही हे सुनेपुढे कबूल कसे करावे? त्यांनी विचारले नाही. तिलाही सांगायचे सुचले नाही.

यंत्रे तपासणेही त्यांनी सोडले नव्हते. सूनबाई वर गेली की बाबा गुडघे धरत मागच्या खोलीत. अखेर एका सकाळी ती बाहेरगावी निघाली, तेव्हा दारात उभी राहून म्हणाली,

“बाबा, आज एकही चक्कर मारायची नाही. काही झालं तर घंटा वाजेल, माझा फोनही वाजेल. मला शब्द द्या.”

“अगं, सतरावा दिवस आहे, चार दिवसांत पिल्लं बाहेर येतील. बाराशे अंडी आहेत दुसऱ्यात.”

“म्हणूनच. पडलात तर मी अंडी बघू का तुम्हाला?”

बाबांनी दारातल्या चपला जोडीने लावल्या. मग म्हणाले, “दिला शब्द.”

ती गेली. बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. हाताला काम नसलेला माणूस, मित्रांनो, फार धोक्याचा. त्यांनी टेबल पुसले, पेने एका रांगेत लावली. मग मान वर केली. निळे टोक लोंबत होते. शेजारी माझा सातवा पोर्ट मोकळा.

“हिच्या मापाचंच आहे की,” ते स्वतःशी म्हणाले.

मी ओरडलो असतो, पण ओरडायला मला दिवेच आहेत. टक.

तारेची दोन्ही टोके माझ्याच पोटात. त्यानंतर पहिली हाक आली ती सगळ्यांसाठी होती. मी ती सहाव्यातून बाहेर सोडली, ती सातव्यातून आत आली. मला वाटले, नवीन हाक. मी पुन्हा सगळीकडे सोडली. सातव्यातून गेलेली सहाव्यातून आली. एकाच्या दोन झाल्या आणि त्या दोन्ही थांबेनात. मागून दुसरी हाक आली, तिसरी आली, आणि प्रत्येक हाक त्याच फेऱ्यात घुसली. एका श्वासात लाखो हाका, सगळ्या त्याच त्या, आणि मी प्रत्येकीला नवीन समजून पोचवतोय. सगळी दारे तुंबली. माझी नोंदवही उलटीपालटी झाली. माझे सगळे दिवे एकदम, एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकू लागले.

शिंपी डोकावला. “काय रे, हा आज फार खुशीत?”

“बघ तर!” बाबा म्हणाले. “दोन महिने पेंगत होता. एक तार नीट लावली, कसा धावतोय बघ.”

“काम करतोय बेटा.”

“मानलं याला. बिनपगारी आहे, पण मानलं.”

त्या घरात माझे झालेले हे पहिले कौतुक. ते असे झाले.

दुपारी एकच्या सुमारास दुसऱ्या यंत्रातले एक बटण चिकटले. तापवणारी सळई बंद व्हायला हवी होती, ती झाली नाही. अडतीस. उपकरणाने निरोप धाडला. तो माझ्या दाराशी आला आणि त्या गर्दीत चिरडला. साडेअडतीस. पुन्हा निरोप. एकोणचाळीस. प्रत्येक निरोप मी पाहिला आणि एकही पोचवला नाही. वर घंटा गप्प बसली होती. निरोप आला की वाजायचे, एवढेच तिला शिकवले होते. निरोपच आला नाही तर काय करायचे, हे कुणी शिकवले नव्हते. दूरगावी सूनबाईने दोनदा फोन पाहिला. फोन गप्प, म्हणजे सगळे ठीक, असे समजून तो पुन्हा पिशवीत टाकला.

तीन वाजता बाबा सवयीने उठले. मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. चाळीस अंश होते आत. दारातून ऊब त्यांच्या बोटांना लागली असणार, कारण ते क्षणभर थांबले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी लुकलुकत होतो.

“नाही,” ते म्हणाले. “शब्द दिलाय. आणि हा बसलाय की जागा.”

त्यांनी कडी सोडली आणि खुर्चीत येऊन बसले.

साडेपाचला ती आली. चपला काढायच्या आधी मागचे दार उघडले, तेव्हा आतला वाफारा तिच्या तोंडावर आला. बेचाळीस. तिने यंत्र बंद केले, एक अंडे उचलून विजेरीपुढे धरले. सतराव्या दिवशी आत पिल्लू हलते, सावली चुळबुळते. ती सावली जागची हलली नाही. दुसरे धरले. मग तिसऱ्या ताटातले. अशी किती धरली, मी मोजली नाहीत. मोजायला मी शुद्धीवर नव्हतो.

तिने जोडणीवाल्याला फोन लावला.

“वहिनी, सगळे दिवे एकदम लुकलुकतायत का?”

“हो.”

“मग एकाच तारेची दोन्ही टोकं आत गेलीत. बघा बरं.”

ती माझ्यापुढे आली. निळ्या तारेवर बोट ठेवून सहाव्यापासून निघाली आणि सातव्याशी पोचली. तिथे बोट थांबले. मागे बाबा उभे होते. एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर.

“काय झालं गं?” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “मी आत गेलो नाही. तू सांगितलंस म्हणून गेलो नाही. याने दगा दिला का?”

तिने बाबांकडे पाहिले. मग गुपचूप सातव्यातले टोक काढले. माझे दिवे लगेच ताळ्यावर आले, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते.

“हो बाबा,” ती म्हणाली. “स्विचच खराब निघाला.”

“मी म्हणतच होतो,” बाबा म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसून रडले.

मित्रांनो, माझा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केले असते. पण मी तिच्या जागी नाही, मी खणात आहे. तिने मला काढले, निळी तारही काढून माझ्याशेजारी ठेवली आणि खण लावून टाकला. त्याच फळीवर दुसऱ्या दिवशी नवा स्विच आला. माझ्याच जातीचा, आठ भोकांचा. त्यालाही ‘नाही’ म्हणता येत नाही.

बाबांचा मात्र या नव्यावर पूर्ण विश्वास. शिंप्याला ते सांगत असतात, “तो जुना होता ना, तो बदमाश. हा गुणी आहे.” दोष माझाच ठरला, तेव्हा नवा निर्दोष असणारच. मागच्या खोलीतल्या चकरा त्यांनी आता खरोखरच सोडल्या आहेत. ते टोक त्या दिवशी कुणी घातले, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. सांगणारीने मनाशी ठरवले आहे की कधीच सांगायचे नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. आमच्यावर धूळ बसली तर पुसा, फटींवर फडके टाकू नका, हे तर आहेच. पण कुणाच्या मायेपोटी एखादी चूक आमच्या माथी मारलीत, तर ती चूक तिथेच जिवंत राहते. ज्याच्या हातून झाली, त्याला हळू आवाजात का होईना, सांगा.

आज सूनबाई पुन्हा बाहेरगावी गेली आहे. मागे दुसऱ्या यंत्रात सतरावा दिवस आहे. आत्ताच खण उघडला. बाबा पेनाचे टोपण ठेवायला आले होते, शेवटी सापडले त्यांना. टोपण लावले. मग त्यांची नजर माझ्या शेजारी गेली.

“अरे,” ते म्हणाले, “ही तर तिथलीच तार. इथे कुणी टाकली?”

त्यांनी ती उचलली, प्रेमाने उलगडली, दोन्ही टोके फुंकून साफ केली. खण लागला. आत अंधार आहे. बाहेर खुर्ची सरकली आणि वर, नव्या स्विचच्या फळीवर, खुडबुड झाली.

टक.

एक टोक गेले. मित्रांनो, एकाने काही होत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल, तर त्यांना हाक मारा. आत्ता. दुसरे टोक अजून त्यांच्या हातात आहे.