शून्याला बंदी

ऑफिसात तिला सगळे आकडेवाली म्हणायचे. एकवीस सरकारी दवाखाने तिने एकमेकांशी ताडून पाहिले होते. साठच्या खाली गुण आले की त्या दवाखान्याला कुलूप.

पद्धत तशी दयाळू होती. दवाखाना काय वापरतो आणि काय देतो ते मोजायचं. पण कशाला किती भार, ते संगणक त्या-त्या दवाखान्याच्या सोयीने ठरवायचा. आपला तो बाब्या! नावडत्या गोष्टीला भार शून्य दिला तरी चालायचं. बाजारातल्या दवाखान्यात पेशंट दोन मिनिटांत बाहेर, आणि आठवड्याभरात तोच खोकला घेऊन परत. परत येणाऱ्यांना शून्य भार, आणि दवाखान्याला शंभर गुण.

"हा पहिला?" साहेबांनी विचारलं. "माझी सासू तोच खोकला घेऊन तिथे दोनदा परत गेलीये."

"शून्य कुणालाच नाही," ती तोऱ्यात म्हणाली. "प्रत्येक गोष्टीला निदान दहावा हिस्सा भार द्यायचाच."

बाजारवाला बावन्नवर आपटला. तिला बरं वाटलं. मग तिने यादीत खाली पाहिलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं. टेकडीवरचा दवाखाना शंभरावरून अठ्ठावन्नवर आला होता. औषधं थोडी, पैसा थोडा, बरे होणारे भरपूर. फक्त घरोघरी जाऊन पेशंटपाशी बसणाऱ्या सिस्टरचे तास फार. त्या तासांवरचं शून्य आता गेलं होतं.

तिने तासांची नोंद उघडली. एकाच घरी अकरा दिवस, शहाण्णव तास. पत्ता तिच्या आईचा होता.

त्या अकरा दिवसांत ती याच अहवालाच्या कामात अडकली होती. रोज संध्याकाळी फोन करायची. सिस्टर म्हणायची, "ताई, तुम्ही काम उरका. आई माझा हात सोडत नाहीत, मी बसलेय." बाराव्या दिवशी ती पोचली तेव्हा आई गेली होती.

ती साहेबांकडे गेली. "तासांपुरती अट काढू या का?"

"का? शून्य कुणालाच नाही, तूच म्हणालीस ना?"

कारण एका वाक्याचं होतं. पण ते सांगायचं तर मुलगी त्या वेळी कुठे होती, हेही सांगावं लागलं असतं. तिला भयंकर लाज वाटली.

"असंच विचारलं," ती म्हणाली, आणि जागेवर येऊन तिने कुलूप लावायच्या दवाखान्यांची यादी पाठवून दिली.