मधुसूदनरावांची अडकलेली टोकनं

झाशीच्या पाणीपुरवठा कचेरीत मधुसूदनरावांनी चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आणि एकही लिफाफा चुकीच्या पत्त्यावर जाऊ दिला नाही. असं ते स्वतःच सांगत. तर या माणसाने निवृत्तीनंतर चाळीस हजारांची क्रिप्टो टोकनं घेतली आणि एक्स्चेंजवरून स्वतःच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये हलवताना पाठवायच्या मार्गांच्या यादीतलं भलतंच नेटवर्क निवडलं. एक्स्चेंज म्हणे, पोचली. वॉलेट म्हणे, शून्य.

दीड वर्ष ते गप्प राहिले. मधे इंटरनेटवर एका भल्या गृहस्थाने वॉलेटचे गुप्त शब्द दिल्यास टोकनं सोडवून देतो म्हटलं. मधुसूदनरावांनी त्याच्याकडे लेटरहेडवर लेखी अर्ज मागितला, तेव्हा तो जो नाहीसा झाला तो कायमचा.

मग भोपाळला बँकेत असलेली त्यांची मुलगी चारुता चार दिवस घरी आली. बाबा दिवसातून दहादा तेच शून्य पाहून उसासे टाकतात, हे तिच्या लक्षात आलं. स्वयंपाकघराचं दार लोटून त्यांनी तिला सगळं सांगितलं. दार लोटल्यामुळेच त्यांच्या पत्नी अनुसूयाबाईंनी पलीकडून कान दिला.

"बाबा, टोकन गेले नाहीत. सही-सलामत आहेत," चारुता तिच्या निम्म्या हिंदी मराठीत म्हणाली. "पत्ता तुमचाच आहे, बस नेटवर्क दुसरं आहे."

तिने वॉलेटमध्ये ते दुसरं नेटवर्क जोडलं. तिथून टोकनं हलवायला त्याच नेटवर्कच्या नाण्यात फी लागते, म्हणून स्वतःच्या खात्यातून थोडी नाणी पाठवली. दहा मिनिटांत टोकनं दिसू लागली. मधुसूदनरावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी भाव पाहिला आणि ते वेगळ्याच कारणाने भरले. चाळीसचे अकरा हजार झाले होते.

आता चाळीस होईपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. अनुसूयाबाई दुधी किसत बाहेर आल्या.

"अहो, आज कोणी तुमच्या हातावर रोख अकरा हजार ठेवले, तर त्या पैशांतून ही टोकनं विकत घ्याल?"

"छे. वेडबीड लागलंय का मला?" मधुसूदनराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहासुद्धा न घेता, त्यांनी टोकनं विकली. बटण दाबताना डोळे मिटले होते. चारुताने ते उघडायला लावले, म्हणाली, पुन्हा भलतंच दाबाल.

पैसे कुठे घालायचे, हे अनुसूयाबाईंनी ठरवूनच ठेवलं होतं. झाशीजवळच्या बबीनाच्या लष्करी छावणीतल्या मराठी घरांना त्या थालीपिठाची भाजणी करून देत. पण कोपऱ्यावरचा चक्कीवाला कुरकुरायचा, कारण धण्याजिऱ्याच्या भाजणीनंतर दळलेल्या गव्हाला वास येई. त्यांना घरघंटी हवी होती. निम्मे पैसे त्यांच्याकडे होते, उरलेले मधुसूदनरावांनी घालायचे आणि नफा-खर्च अर्धा-अर्धा.

"परतावा काय मिळेल?" मधुसूदनरावांनी जाणकारासारखं विचारलं.

"थोडाच, पण दर महिन्याला. आणि नेटवर्क एकच, बबीनाची बस."

घरघंटी आली. पहिल्या महिन्यात छावणीतल्या सुभेदारांच्या घरून प्रियदर्शिनीताईंनी दुप्पट भाजणी मागवली, आणि मधुसूदनरावांच्या अंगात व्यापारी संचारला. ज्वारी थेट मऊरानीपुरच्या मंडीतून आणायची म्हणून ते स्वतः गेले, तासभर घासाघीस करून किलोमागे तीन रुपये वाचवले, आणि बस, हमाल, टेम्पो मिळून किलोमागे पाच रुपये घालवून विजयी मुद्रेने घरी आले.

अनुसूयाबाईंनी हिशोब ऐकला. मूठभर ज्वारी हातावर घेऊन निरखली, दोन दाणे दातांखाली फोडले. दाणा खरोखर टपोरा होता.

"ज्वारी चांगली आणलीत," त्या म्हणाल्या, आणि टेम्पोचं भाडं आपल्या वाट्याच्या खर्चात धरलं.