नळी बदलणारा हात

नवं यंत्र आलं तेव्हा सगळी प्रयोगशाळा त्याच्याभोवती गोळा झाली. मी तेवढी तोंड फुगवून बसले. आमचं काम वनस्पतीच्या अर्कातली द्रव्यं वेगळी करायचं. कॉलमच्या उभ्या काचनळीतून अर्क झिरपतो, एकेक द्रव्य आपापल्या चालीनं खाली येतं, आणि ते आलं की यंत्राला कळतं. मग त्याचा हात आपणहून पुढच्या परीक्षानळीवर सरकतो. चूक नाही, कंटाळा नाही, चहाची सुट्टी नाही. कौतुक सांगावं तेवढं थोडं!

याआधी तो हात मास्तरचा होता. वयानं माझ्याएवढाच, पण सगळ्यांच्या चुका काढायचा म्हणून मास्तर. मी थेंबांवर नजर ठेवून "बदल" म्हणायची, तो नळी बदलायचा. दिवसदिवस शेजारी बसून आम्ही जगाची उणीदुणी काढली, मनातलं तेवढं बोललो नाही. वाटायचं, घाई काय आहे, अर्क तर रोजच गाळायचाय.

यंत्र आलं आणि मास्तरला वरच्या मजल्यावर कोठारात पाठवलं. मध्ये एक जिना, पण वर जायला काही काम तर हवं! त्याची फार आठवण यायची. त्याचं रिकामं स्टूल मी कुणाला हलवू देत नव्हते.

शेवटी एका दुपारी मी यंत्राची वायर काढली आणि वर फोन लावला.

"यंत्र रुसलंय. हात हलत नाही."

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, यंत्रामागे वाकला आणि तसाच थांबला.

"वर जाताना ही वायर मी स्वतः स्क्रूनं आवळली होती. आपोआप निघायची नाही."



"मी काढली," कसंबसं म्हणाले.

"अगं, अर्क वाया गेला असता!"

"अर्क घातलाच नाही. नुसतं पाणी सोडलंय. मी काय वेडी आहे?"

"मग मला बोलावलंस कशाला?"

"शेजारी कुणी नसतं म्हणून."

त्यानं वायर जागेवर लावली, स्क्रू घट्ट पिळला. यंत्राचा हात पहिल्या नळीवर येऊन उभा राहिला. झालं काम, आता हा जाणार.

"यातून गोळा करण्यासारखं काहीच येणार नाहीये," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि आपलं स्टूल ओढून शेजारी बसला.