पूर्वेचा समुद्र

चौतीस सालच्या माघात आई गेली. रामकुंडात अस्थी सोडून भाऊ घरी निघाला. आबा मात्र पायरीवरून उठेनात.

"मास्तरीणबाई, हे पाणी जातं कुठं?" मी शाळेत शिकवते म्हणून ते असं चिडवत. आज थट्टा नव्हती.

"पार पूर्वेच्या समुद्रात. वाटेतल्या खडकांतला क्षार नदी थोडा थोडा नेते. म्हणून समुद्र खारट."

"हाडांतलाही नेते?"

"हो."

"मग त्याच पाण्याची वाफ होते, पाऊस पडतो. म्हणजे ती परत येईल."

खोटं बोलावंसं वाटलं. पण आबांशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"वर पाणी तेवढं जातं, आबा. क्षार समुद्रातच राहतो."

बऱ्याच वेळानं त्यांनी उठण्यासाठी माझा हात मागितला.